आईला १९६४ ची शेवटची ट्राम आठवते, सकाळचा चहा आठवत नाही : पेशीत आठवण असते तरी कशी?

गोरेगावची लेक (प्रश्न)

नमस्कार.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिचे सारे तरुणपण गिरगावातल्या एका चाळीत गेले आणि गेली १९ वर्षे ती माझ्याकडे गोरेगावला असते. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला अल्झायमर असल्याचे निदान केले. सकाळी घेतलेला चहा तिला अर्ध्या तासाने आठवत नाही आणि "आज चहा मिळणार आहे की नाही या घरात?" असे ती अगदी खरोखरच्या रागाने विचारते. मात्र ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, ती पाहायला आपण मोठ्या भावाबरोबर चालत कसे गेलो आणि परतताना त्या गर्दीत चप्पल कशी हरवली, हे ती दर दोन दिवसांनी सांगते.

काल संध्याकाळी तिने मला ओट्यापासून बाजूला सारले आणि पोळपाट पुढे ओढला. उंडा घेतला, पुरीएवढा लाटला, बोटाने तेल फिरवले, चिमूटभर पीठ भुरभुरले, घडीवर घडी घातली आणि कडेकडेने लाटत पोळी गोल केली. अशा सहा पोळ्या झाल्या, सहाही टम्म फुगल्या. तेवढ्या वेळात "कणकेत मीठ घातलंयस ना?" हे तिने मला चार वेळा विचारले. तिचा हात एकदाही अडखळला नाही आणि प्रश्न मात्र दर वेळी नवाच होता.

मी बँकेत हिशेब तपासणीचे काम करत आले आहे, त्यामुळे ढोबळ उत्तराने माझे समाधान होत नाही. "आठवणी मेंदूतल्या पेशींच्या जोडणीत साठतात" हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी वाचले. पण साठतात म्हणजे पेशीत नेमके काय बदलते? शरीरातली प्रथिने थोड्या दिवसांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात, असेही वाचले आहे. तसे असेल तर १९६४ साली जे काही बदलले, त्यातला एक कणही आज आईच्या डोक्यात उरलेला नसणार. मग ती ट्राम इतकी वर्षे कशावर उभी आहे? आणि जुने टिकते, नवे टिकत नाही, हा उलटा व्यवहार कशामुळे होतो? जाणकारांनी सवडीने लिहावे, मला घाई नाही.

प्रयोगवही

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आपल्या आईंच्या उपचारांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, तो त्यांच्या डॉक्टरांचा. पेशीत काय बदलते, एवढ्यापुरतेच लिहिते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतली एकेक पेशी इतर हजारो पेशींशी बोलत असते. हे बोलणे जिथे होते त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तिथे दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. अलीकडच्या पेशीत विजेचा ठोका आला की तिच्या टोकातून ग्लुटामेटसारखे रसायन त्या फटीत सुटते, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनांना लागते आणि पलीकडे थोडीशी वीज उमटते. आठवण बनते म्हणजे या फटीच्या दोन्ही काठांवरचा व्यवहार बदलतो. जो ठोका आधी पलीकडे जेमतेम ऐकू जात होता, तोच आता खणखणीत ऐकू जाऊ लागतो.

हा विचार जुना आहे. सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असे सुचवले होते की शिकण्याने नव्या पेशी निर्माण होत नसून असलेल्या पेशींच्या जोडण्या वाढत असाव्यात. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी त्याला नियमाचे रूप दिले : एक पेशी दुसरीला पेटवण्यात वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघींमधला दुवा बळकट होतो. पण तो होताना कोणी पाहिला नव्हता. १९६६ मध्ये ऑस्लो येथे तेर्ये लोमो यांना सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्याची पहिली चाहूल लागली आणि पुढे टिम ब्लिस यांच्याबरोबर त्यांनी तो पद्धतशीर मोजला. पेशींकडे जाणाऱ्या तंतूंना थोडा वेळ जलद विद्युत ठोके दिले, तर नंतर दिलेल्या साध्या ठोक्यालाही पूर्वीपेक्षा मोठा प्रतिसाद मिळे आणि ही वाढ काही सशांत दहा तासांपर्यंत टिकली. त्यांचा निबंध १९७३ मध्ये छापून आला. हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग आहे. आपल्या प्रश्नात तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता "एकाच वेळी पेटणे" पेशीला कळते कसे? आपण बँकेतल्या आहात, म्हणून सांगणे सोपे आहे. ग्राहकाचे लॉकर एका किल्लीने उघडत नाही, एक किल्ली बँकेची लागते आणि एक ग्राहकाची. पलीकडच्या पेशीवर एनएमडीए नावाचे ग्राहक-प्रथिन असते, त्याची रचना नेमकी अशीच आहे. पहिली किल्ली म्हणजे अलीकडून आलेले ग्लुटामेट. पण तेवढ्याने दार उघडत नाही, कारण त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. पलीकडची पेशी त्याच क्षणी स्वतःही पुरेशी उत्तेजित असेल, तरच ते बूच विजेच्या जोराने बाहेर फेकले जाते. ही दुसरी किल्ली. दोन्ही किल्ल्या एकदम लागल्या की कॅल्शियम आत शिरते, आणि पेशीच्या लेखी कॅल्शियमचे आत येणे म्हणजे "या दोन गोष्टी एकत्र घडल्या" अशी नोंद होय. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी औषधाने हे दार बंद ठेवले, तेव्हा उंदरांना पाण्याच्या हौदातल्या बुडालेल्या चौथऱ्याची जागा नीट शिकता आली नाही.

कॅल्शियम आत आल्यावर काही मिनिटांत जे होते ते किरकोळ दुरुस्तीसारखे असते. काही विकरे (एन्झाइम) जागी होतात, आधीच तयार असलेली एएमपीए नावाची जादा ग्राहक-प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर आणून बसवली जातात आणि ज्या काट्यासारख्या उंचवट्यावर तो सिनॅप्स असतो तो उंचवटा फुगतो. यात नवे काही घडवले जात नाही, असलेलीच सामग्री इकडून तिकडे हलते, आणि म्हणूनच हा बदल सहज विरूनही जातो.

टिकाऊ आठवणीसाठी पेशीला खर्च करावा लागतो. एरिक कँडेल यांनी हे ज्या प्राण्यावर दाखवले तो ॲप्लिसिया नावाचा समुद्री गोगलगायीचा प्रकार. त्याच्या साऱ्या मज्जासंस्थेत जेमतेम २०,००० चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांना दिसतात. शेपटीला एक झटका दिला तर तो प्राणी काही मिनिटे दचकरा राहतो. थांबून थांबून पाच झटके दिले तर दचकरेपणा कित्येक दिवस टिकतो. नवी प्रथिने बनण्याची क्रिया औषधाने रोखली, तर मिनिटांची आठवण तशीच राहते, दिवसांची मात्र बनतच नाही. दुसऱ्या प्रकारात संदेश थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो, तिथे क्रेब नावाचे प्रथिन काही जनुकांना जागे करते, नवी प्रथिने तयार होतात आणि संवेदी पेशीला नव्या जोडण्या अक्षरशः फुटतात. त्यांची संख्या दुपटीच्या आसपास जाते. कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. माझे विद्यार्थी "गोगलगाय आणि माणूस यांत काही फरक आहे की नाही?" असे दरवर्षी विचारतात. फरक पुष्कळ आहे, पण ही यंत्रणा उत्क्रांतीने फारशी बदललेली नाही.

इथे एक अडचण उभी राहते आणि मला ती सगळ्यांत रंजक वाटते. केंद्रक एकच, सिनॅप्स हजारो. नवी प्रथिने तयार झाली, तर कोणत्या सिनॅप्सने ती घ्यायची हे ठरते कसे? १९९७ मध्ये फ्रे आणि मॉरिस यांनी याचे उत्तर दिले. चाळीत दूधवाला पहाटे सगळ्या मजल्यांवरून फिरतो, पण ज्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असेल तिथेच दूध टाकतो. उत्तेजित झालेला सिनॅप्स स्वतःवर अशी एक रासायनिक पिशवी अडकवून ठेवतो आणि ती काही तासच राहते. तेवढ्यात प्रथिने आली तर त्याच दारात थांबतात. गंमत अशी, की पिशवी एका घटनेने अडकवलेली असली तरी दूधवाल्याला दुसऱ्याच मोठ्या घटनेने बोलावलेले असू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत असलेल्या कोणालाही विचारा, दुपारच्या डब्यात कोणती भाजी होती हेसुद्धा तो सांगेल. एरवी ती भाजी संध्याकाळपर्यंत विसरायची. अर्थात त्या दिवशीच्या भीतीने सुटलेल्या नॉरॲड्रेनालिन या रसायनाचाही यात वाटा असणार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला उद्या हात घालते. तो माझ्या विषयातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे.

आठ बाराची लोकल

मी विज्ञानाचा माणूस नाही, पण दुसरा प्रश्न वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

मी ३१ वर्षे डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जात होतो आणि आमच्या डब्यात भजनी मंडळ होते. मी आलो तेव्हा त्यात चौदा जण होते. कोणी निवृत्त झाले, कोणी बदलापूरला राहायला गेले, दोघे वारले. त्यांच्या जागी एकेक नवा येत गेला, शेजारच्याकडे पाहून टाळ धरायला शिकला आणि मग पुढच्याला शिकवू लागला. आज त्या मूळ चौदांपैकी एकही त्या डब्यात नाही. तरी गेल्या महिन्यात मी सहज त्या गाडीने गेलो, तर चाल तीच होती. एका गजरात मधेच एक लहानसा विसावा आहे, तो कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पूर्वी दिव्याच्या पुढे गाडी रूळ बदलायची तेव्हा डब्याला धक्का बसायचा आणि सगळ्यांचे टाळ एकदम थांबायचे, म्हणून तो आला. आता तिथे धक्का बसत नाही. विसावा मात्र अजून घेतात, आणि तो का घेतात हे त्या डब्यातल्या एकालाही सांगता आले नाही.

प्रथिनांचे असे काही होत असेल का?

प्रयोगवही

आपण विज्ञानाचे नाही असे म्हणता, पण १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी हाच प्रश्न जवळजवळ याच रूपात मांडला होता आणि उत्तरही असेच सुचवले होते. मेंदूतल्या बहुतेक प्रथिनांचे आयुष्य काही दिवसांचे किंवा फार तर काही आठवड्यांचे असते. त्यामुळे सिनॅप्समधले रेणू एकमेकांत असे गुंतलेले असले पाहिजेत, की एकेक जुना रेणू काढून नवा बसवला तरी समूहाची अवस्था बदलू नये. चौदाही जण एकाच दिवशी गेले असते, तर चाल बुडाली असती.

दुसऱ्याच वर्षी जॉन लिस्मन यांनी अशा अवस्थेसाठी एका रेणवीय खटक्याची कल्पना मांडली, म्हणजे विजेच्या बटणासारखा, एकदा चालू झाला की चालूच राहणारा खटका. त्यासाठी पुढे ज्या विकराकडे बोट दाखवले गेले, त्याचे लघुनाव कॅमके-टू असे आहे. त्याचे बारा भाग सहा-सहांच्या दोन कड्यांत बसलेले असतात आणि कॅल्शियमने जागा झालेला एक भाग शेजारच्या भागाला फॉस्फेटचा टिळा लावून जागा करतो. टिळा लागलेला भाग कॅल्शियम ओसरल्यावरही जागा राहू शकतो. म्हणजे नवा आलेला भाग शेजारच्याकडून चाल शिकला. चित्र इतके सुबक आहे, की आम्ही ते बरीच वर्षे वर्गात ठामपणे शिकवले. पुढे जिवंत सिनॅप्समध्ये त्याची सक्रियता प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा ती एखाद्या मिनिटातच ओसरताना दिसली. त्यामुळे हे विकर आठवण सुरू करून देते हे पक्के, पण वर्षानुवर्षे तेच ती सांभाळते का, यावर वाद आहे.

दुसरा दावेदार पीकेएम-झीटा. टॉड सॅक्टर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की त्याला अडवणारे रसायन हिप्पोकॅम्पसमध्ये सोडले तर उंदराची आधीची शिकवण पुसली जाते. पुढे २०१३ मध्ये दोन गटांनी ते प्रथिन जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची स्मृती ठीकठाक निघाली आणि सगळा डाव विस्कटल्यासारखा झाला. २०२४ मध्ये सॅक्टर यांच्या गटाने नवा पुरावा मांडला : किब्रा नावाचे दुसरे प्रथिन बळकट झालेल्या सिनॅप्सवर खुणेसारखे बसते आणि पीकेएम-झीटाचे नवे नवे रेणू तिथेच धरून ठेवते. दोघांचा हात सोडवला तर आठवणही जाते. रेणू बदलतात, पण त्यांचे हात एकमेकांच्या हातात राहतात. मला ही मांडणी पटते, पण लॉकरच्या दोन किल्ल्यांबद्दल मी जितक्या खात्रीने लिहिले तितक्या खात्रीने मी हे लिहिणार नाही.

तेव्हा ताई, तुमची हिशेबाची शंका बरोबर आहे. १९६४ चा एकही रेणू शिल्लक नसेल असे धरून चालायला हरकत नाही. रोकड बदलत राहिली, शिल्लक तेवढीच पुढे ओढली गेली.

रात्रपाळी

मी मेंदूविकार विभागात निवासी डॉक्टर आहे. वरच्या विवेचनाला माझा विरोध नाही, पण एक शंका आहे. सिनॅप्स बळकट झाला हे ठीक, परंतु बळकट दुवा म्हणजेच आठवण का? भिंत बांधायला सिमेंट लागते, म्हणून सिमेंटला घर म्हणत नाहीत.

आठवण ठरावीक पेशींच्या एका जाळ्यात असते, या कल्पनेला रिचर्ड सेमन यांनी १९०४ मध्ये 'एनग्राम' असे नाव दिले. कार्ल लॅशली यांनी उंदरांच्या मेंदूचे निरनिराळे तुकडे काढून ते जाळे शोधण्यात अनेक वर्षे घालवली आणि १९५० मध्ये जवळजवळ हात टेकले. ते सापडले २०१२ मध्ये, सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत. एका पेटीत उंदराला झटका बसला, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जाग्या होत्या तेवढ्यांनाच प्रकाशाने पेटणारे प्रथिन बसवले. मग त्याच उंदराला दुसऱ्या, निर्धोक पेटीत ठेवून त्या पेशींवर निळा प्रकाश सोडला. उंदीर भीतीने जागीच थिजला.

२०१५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. झटक्यानंतर लगेच नवी प्रथिने बनणे रोखले, म्हणजे सिनॅप्स बळकट होऊ दिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी उंदीर त्या पेटीत बिनधास्त फिरला, जणू काही घडलेच नव्हते. पण त्या खुणेच्या पेशींवर प्रकाश सोडताच तो थिजला. म्हणजे आठवण होती, तिच्यापर्यंत जायची वाट तेवढी कच्ची राहिली होती. २०१६ मध्ये अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांतही, विकाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात, असेच आढळले. आपल्या आईंच्या बाबतीत यातून कोणताही निष्कर्ष काढू नये. माणसाच्या मेंदूत असा प्रकाश सोडता येत नाही आणि प्रत्यक्ष विकारात पुढे पेशीच मरतात. मात्र "विसरले" या एका शब्दात न नोंदलेले, पुसले गेलेले आणि न सापडणारे, असे तीन वेगळे प्रकार दडलेले आहेत, हे आम्हा डॉक्टरांनाही उशिरा उमगले.

तिसऱ्या प्रश्नाविषयी. हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्याचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बहुतांशी काढून टाकण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर त्याला बालपण आठवत होते, परंतु नवे काही टिकेना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात उत्तम बसला, आणि दर वेळी तो म्हणे, की हे आपण पहिल्यांदाच करत आहोत. आपल्या पोळ्या आणि मिठाचा प्रश्न याहून वेगळा नाही. हाताची सवय मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि मागच्या बाजूच्या अनुमस्तिष्कावर अवलंबून असते, आणि अल्झायमरचा तडाखा त्यांना तुलनेने उशिरा बसतो. त्याची सुरुवात बहुधा एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या थेट दारात होते. दारच अडल्यावर आज सकाळचा चहा आत जाणार कसा? ट्राम मात्र केव्हाच आतून पुढे, मेंदूच्या बाहेरच्या थरांत मुक्कामाला गेली आहे. हा प्रवास काही महिन्यांचा किंवा वर्षांचा असतो आणि त्याचा बराचसा भाग झोपेत होतो. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना असे दिसले, की जागेपणी धावताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र पेटतात. दिवसाची उजळणी म्हणा ना. शिवाय ती ट्रामची गोष्ट आईंनी साठ वर्षांत किती वेळा सांगितली असेल, याचाही हिशेब धरावा लागेल.

गोरेगावची लेक

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार. दोन्ही किल्ल्यांचे उदाहरण मी उद्या शाखेत सांगणार आहे.

शेवटच्या वाक्याने मात्र मला एक गोष्ट टोचली. माझा मुलगा शाळेत असताना "आजीच्या आठवणी" असा काही प्रकल्प होता. त्यासाठी साधारण वीस वर्षांपूर्वी मी आईची ट्रामची गोष्ट तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवली होती. काल ती वही काढली. त्यात चप्पल मामाची हरवली आहे. आईने त्याला चिडवले आणि तो एक पाय रुमालात गुंडाळून घरी आला, असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. आज आई सांगते ती चप्पल तिची असते, आणि पायाला लागलेला फरसबंदीचा गारवाही ती सांगते. मामा आता नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला? जी आठवण "पुढे मुक्कामाला गेली" ती तिथे तशीच राहायला हवी होती ना? हा फरक विकारामुळे पडला, की आधीपासूनच पडत होता?

आणखी एक. तिला डोनेपेझिल नावाची गोळी सुरू आहे. ती या जोडण्या दुरुस्त करते का?

रात्रपाळी

गोळीचे आधी सांगतो. ती जोडण्या दुरुस्त करत नाही. ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सिनॅप्समध्ये मोडण्याचा वेग ती कमी करते, म्हणजे उरलेल्या पेशींचा आवाज थोडा अधिक वेळ ऐकू राहतो. काहींना त्याने बरे वाटते. मूळ विकार त्याने थांबत नाही. गोळी चालू ठेवायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

प्रयोगवही

चप्पल हलली त्याला केवळ विकार कारण असेल असे मला वाटत नाही, कारण निरोगी मेंदूही हे करतो.

पूर्वी अशी समजूत होती, की आठवण एकदा पक्की झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते. २००० साली करीम नेडर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. ती पक्की झाल्यावर त्यांनी तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागामध्ये नवी प्रथिने बनणे रोखणारे औषध सोडले. भीती गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिले, तेव्हा भीती जशीच्या तशी राहिली. आठवण जागी करणे म्हणजे ती काही तासांपुरती सैल करणे आणि पुन्हा नव्याने बसवणे, असा याचा अर्थ होतो. पुन्हा बसवताना त्या वेळचे वातावरण, ऐकणाऱ्याचा प्रश्न, शेजारच्या दुसऱ्या एखाद्या आठवणीचा तुकडा, असे काही आत शिरू शकते. आई कधीतरी खरोखरच अनवाणी चालल्या असतील आणि तो गारवा या ट्रामच्या रात्रीला येऊन चिकटला असेल. खोटे त्या बोलत नाहीत. गारवा खरा असू शकतो, फक्त त्याचा पत्ता चुकला आहे.

आणि २६ जुलैबद्दल मी वर जे लिहिले, त्यातही दुरुस्ती करते. डब्यातली भाजी लोक छातीठोकपणे सांगतील हे खरे, पण ती बरोबरच सांगतील असे नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत अल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून "बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता" हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारले, तर बऱ्याच जणांची उत्तरे पार वेगळी निघाली आणि ती देतानाचा आत्मविश्वास दांडगा होता. त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तेव्हा काहींनी आपल्या नव्या आठवणीवरच विश्वास ठेवला. वही आपल्याजवळ आहे, हे चांगले आहे. मात्र ती आईंना दाखवून चूक सिद्ध करण्याची गरज नाही.

आठ बाराची लोकल

आमच्या गजरातला तो विसावाही कदाचित धक्क्यामुळे आलेला नसेल आणि मीच नंतर कारण जुळवले असेल, अशी शंका आता मला येऊ लागली आहे. मंडळातल्या जुन्यांपैकी एक जण ठाकुर्लीला आहेत, त्यांना फोन करून पाहतो.

गोरेगावची लेक

वही दाखवली नाही. आज दुपारी चहा झाल्यावर, म्हणजे दुसऱ्यांदा झाल्यावर, ट्रामचा विषय मी सहज काढला. बोरीबंदर, गर्दी, लोकांनी ट्रामच्या दांड्याला घातलेले हार, सगळे जागच्या जागी होते. फक्त या वेळी चप्पल माझी हरवली होती आणि आईने मला कडेवर घेऊन गिरगावपर्यंत आणले होते. माझा जन्म १९६८ चा आहे. मी काही बोलले नाही. आत जाऊन वहीतल्या जुन्या मजकुराखाली तारीख घालून नोंद केली.